बोट दाबून पाहणं हाही उपचारच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाचं पत्र आलं होतं. त्यांचे वडील जंतुसंसर्गातून शॉकमध्ये गेले आणि आयसीयूत दाखल झाले. बाहेर काचेपाशी उभं राहिलं की एवढंच दिसायचं, असं त्यांनी लिहिलं आहे : सिस्टर येतात, वडिलांच्या बोटाचं टोक दाबून धरतात, लघवीच्या पिशवीकडे वाकून बघतात, कागदावर काही लिहितात आणि पुढच्या खाटेकडे जातात. ‘उपचार कोणी करतच नव्हतं, नुसतं बघत होते,’ हे त्यांचं वाक्य माझ्या मनातून जाईना. वडील वाचले नाहीत. अशा माणसाशी वाद घालू नये आणि मला तो घालायचाही नाही. पण ते ‘नुसतं बघणं’ म्हणजे काय होतं हे त्यांना तिथे कोणीही समजावून सांगितलं नाही, याचं वाईट वाटलं. म्हणून हे पत्र. लांबलं आहे, तरी शक्य असेल तर पूर्ण छापावं ही विनंती.

मी सरकारी सेवेतून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. सुरुवात कोकणातल्या ग्रामीण रुग्णालयात झाली आणि पुढची बरीच वर्षं जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत गेली. शॉकचे सगळे प्रकार पाहिले. बाळंतपणात रक्त गेलेल्या बायका, हार्ट अटॅकनंतर हृदयाचा जोर संपलेले लोक, विंचू चावलेली मुलं, डेंग्यूची पोरं, औषधाची रिअॅक्शन आलेले, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे सेप्सिसचे, जंतुसंसर्ग अंगभर पसरलेले. कारणं वेगळी, पण शेवटी होतं एकच : शरीराच्या अवयवांना लागेल तेवढं रक्त पोचत नाही. ही अवस्था काही तास तशीच राहिली तर मूत्रपिंड, यकृत, आतडी एकेक करून बंद पडत जातात आणि मग कितीही भारी इंजेक्शन आणलं तरी माणूस परत येत नाही.

बहुतेकांना वाटतं की बीपी पडलं म्हणजे शॉक. बीपी पडतं ते उशिरा. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी कमी झालं की गावात आधी लांबच्या वाड्यांचे नळ बंद करतात आणि दवाखान्याचा नळ चालू ठेवतात. शरीरही तेच करतं. मेंदू आणि हृदय वाचवण्यासाठी आधी कातडीचं, आतड्याचं, मूत्रपिंडाचं रक्त कमी करतं. म्हणून मॉनिटरवर ११० बीपी दिसत असताना पेशंटची बोटं गार पडलेली असतात, गुडघ्यावर निळसर जाळी उमटलेली असते, लघवी आटलेली असते. तरुण माणसाचं शरीर तर फार वेळ बीपी धरून ठेवतं आणि मग एकदम सोडून देतं. (सेप्सिसमध्ये सुरुवातीला उलटही होतं, हातपाय गरम आणि लालसर लागतात. तेही हात लावल्याशिवाय कळत नाही.) या सगळ्या खुणा कुठे आहेत बघा : कातडीवर, लघवीत आणि वागण्यात. मॉनिटरला त्या दिसत नाहीत. खाटेजवळ असलेल्या माणसाला दिसतात आणि चोवीस तास खाटेजवळ असणारी एकटी सिस्टर.

आता त्या बोटाविषयी. बोटाचं पेर दाबलं की रक्त सरतं आणि कातडी पांढरी पडते. दहा सेकंद दाबून सोडायचं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन सेकंदांच्या आत आला तर ठीक. चार, पाच, सहा सेकंद लागले तर त्या पेशंटच्या केशवाहिन्यांत रक्त पोचत नाही, मग मॉनिटर काहीही दाखवो. दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांतल्या २८ आयसीयूंमध्ये सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसमुळे आलेल्या शॉकच्या, ४२४ पेशंटवर झालेला ‘अँड्रोमेडा-शॉक’ नावाचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या पेशंटचे उपचार रक्तातलं लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की वाढणारं आम्ल) दर दोन तासांनी तपासून ठरवले, निम्म्यांचे दर अर्ध्या तासाने बोट दाबून. अठ्ठावीस दिवसांत लॅक्टेटच्या गटात सुमारे ४३ टक्के पेशंट दगावले, बोटाच्या गटात सुमारे ३५ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक पक्का धरला गेला नाही हे प्रामाणिकपणे सांगते. पण त्यानंतर २०२१ मध्ये सेप्सिसच्या उपचारांची जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत इतर मोजमापांच्या जोडीला बोट दाबून बघा असं स्पष्ट सुचवलं आहे. पत्रलेखकांनी काचेतून जे पाहिलं ते हे होतं. सलाईन वाढवायचं की थांबवायचं, औषधाचा वेग चढवायचा की उतरवायचा, हे त्या तीन-चार सेकंदांवर ठरत होतं.

लघवीच्या पिशवीचंही तसंच. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला हवी, म्हणजे किलोमागे अर्धा मिली. मूत्रपिंडाला रक्त मिळतंय की नाही याचा इतका स्वस्त पुरावा दुसरा नाही. पण तो तासातासाने मोजावा लागतो. साध्या पिशवीवरच्या खुणा शंभर-शंभर मिलीच्या, त्यावर तासाचे तीस मिली वाचता येत नाहीत. त्यासाठी युरोमीटर लागतो, त्याला छोटा पारदर्शक डबा असतो आणि त्यावर बारीक खुणा असतात. अनेक ठिकाणी तो संपलेला असतो, मग आमच्या मुली दर तासाला पिशवी मोजपात्रात रिकामी करून मोजतात. लघवी कमी दिसली की आधी नळी कुठे दुमडली आहे का, पेशंटच्या मांडीखाली अडकली आहे का ते बघायचं. नळी मोकळी असून दोन तास काही नाही, तर डॉक्टरांना उठवायचं. रात्रीच्या दोनला उठवलं म्हणून कोणी चिडलं तरी उठवायचं. नवीन मुलींना पहिल्या दिवशी मी हेच सांगत असे.

आणि वागणं. दिवसभर शांत पडलेले आजोबा रात्री एकदम चादर ओढायला लागतात, सलाईन उपटतात, ‘मला घरी न्या’ म्हणून ओरडतात. नातेवाईक म्हणतात, ‘वयाचा परिणाम, जरा झोपेचं द्या.’ अशा वेळी जी सिस्टर झोपेचं न देता आधी नाडी, ऑक्सिजन, साखर आणि हातपाय बघते, ती त्यांचा जीव वाचवते. मेंदूला रक्त आणि ऑक्सिजन कमी पडायला लागला की माणूस असाच बेचैन होतो. पुढच्या तासा-दोन तासांत तोच माणूस गुंगीत जातो आणि नातेवाइकांना वाटतं, बरं झालं, झोप लागली.

कोकणातली म्हणून विंचवाविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. लाल विंचू चावला की वेदना होतातच, पण जीव जातो तो त्यानंतरच्या वादळाने. घाम इतका सुटतो की कपडे पिळून काढावेत, उलट्या होतात, हातपाय बर्फासारखे गार पडतात, नाडी बेफाम धावते, आधी बीपी चढतं आणि मग हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरतं, शॉक येतो. महाड-बिरवाडीकडे काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन नावाची बीपीची साधी गोळी यावर चालते हे दाखवलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, पण आम्हाला त्यांचं नाव त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होतं. ही गोळी येण्याआधी हॉस्पिटलपर्यंत पोचलेली पोरंही डोळ्यांदेखत जायची. पुढे विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही मिळू लागलं, तरी ही गोळी आजही लागते.

ही गोळी देणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. गोळी दिली की काम संपत नाही, सुरू होतं. दर तीन तासांनी पुन्हा द्यायची आणि कुठवर, तर हातपाय कोरडे आणि उबदार होईपर्यंत. ते ठरवतो हात. पोराच्या तळपायाला हात लावायचा, मग पोटरीला, मग गुडघ्याला. ऊब वरून खाली येते. गुडघा गरम आणि पाऊल गार असेल तर अजून वेळ आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची : या गोळीने रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून पोराला उठवून बसवायचं नाही, उभं तर अजिबात नाही. एकदम उचललं तर बीपी धाडकन पडतं. आता विचार करा, पाच वर्षांचं पोर ओकतंय, रडतंय, हात पसरतंय. कुठल्या आईला राहवेल? ती उचलायलाच धावते. तिला अडवायचं, पोराला कुशीवर वळवून ओकू द्यायचं, तोंड पुसायचं, आईचा हात त्याच्या डोक्यावर ठेवून म्हणायचं, ‘वहिनी, इथंच बसा, त्याच्याशी बोला, पण उचलू नका.’ आणि हे एकदा सांगून भागत नाही, दर पाच मिनिटांनी सांगावं लागतं. केसपेपरवर ‘रुग्णास झोपवून ठेवणे’ एवढी एक ओळ असते. ती ओळ रात्रभर पाळून घेणं हे सिस्टरचं काम. भातकापणीच्या आणि लाकूडफाटा भरण्याच्या दिवसांत अशी दोन पोरं एकदम आली आणि वॉर्डात सिस्टर एकच असली, तर कोणाच्या आईजवळ बसायचं?

माझं म्हणणं इथून सुरू होतं. शॉकच्या पेशंटची ऑर्डर लिहायला डॉक्टरांना काही मिनिटं लागतात. ती ऑर्डर पुढचे बारा तास पाळणं, तिचा परिणाम दर पंधरा मिनिटांनी बघणं आणि बिघडतंय हे सर्वांत आधी ओळखणं, हे ज्या बाईच्या हातात आहे तिला आपण एकाच वेळी तीन, कधी चार पेशंट सोपवतो. हे चुकीचं आहे आणि यात माणसं मरतात. आपण त्याला नशीब म्हणतो.

तीन खाटा एकीला दिल्या की काय होतं ते एका औषधावरून सांगते. बीपी धरून ठेवायला नॉरअड्रेनॅलिन लावतात. आयसीयूत सगळे त्याला ‘नॉरअॅड’ म्हणतात. अँप्युल फोडून पन्नास मिलीच्या सिरिंजमध्ये पातळ करायचं, लेबलवर औषधाचं नाव, ताकद, वेळ, सही घालायची, सिरिंज पंपात बसवायची आणि तासाला अमुक मिली या वेगाने चालू करायची. या औषधाचा असर शरीरात दोन-तीन मिनिटंच टिकतो. म्हणजे सिरिंज संपली आणि दुसरी लावायला पाच मिनिटं गेली, तर ९० वरचं बीपी ५० वर येतं. वेग जास्त असेल तर पन्नास मिलीची सिरिंज काही तासांतच संपते. म्हणून चांगली सिस्टर पहिली संपण्याच्या अर्धा तास आधी दुसरी भरून ठेवते. दुसरा पंप मोकळा असेल तर दुसरी सिरिंज त्याच्यावर आधी चालू करते, नवं औषध नळीतून पेशंटपर्यंत पोचून बीपी चढू लागलेलं दिसलं की मगच जुनी हळूहळू उतरवते. त्या वेळी ती मॉनिटरवरून नजर काढू शकत नाही. बाजूच्या खाटेवरून कोणी पाणी मागितलं, फोन वाजला, वॉर्डबॉय मामा सही मागायला आले, तरी नाही.

त्याच नळीतून दुसरं इंजेक्शन ढकलायचं नाही, कारण नळीत साठलेलं नॉरअॅड एकदम आत जातं आणि बीपी दोनशेच्या वर उसळतं. औषध शक्यतो मानेच्या मोठ्या शिरेतून द्यायचं. त्या शिरेत नळी (सेंट्रल लाइन) टाकेपर्यंत हाताच्या शिरेतून चालू केलं असेल तर ती जागा तासात अनेकदा उघडी करून बघायची, चादरीखाली झाकून ठेवायची नाही. शिरेच्या बाजूची कातडी पांढरी, गार, टणक लागली तर औषध बाहेर झिरपतंय. ते तसंच राहिलं तर तेवढा कातडीचा तुकडा मरतो, काळा पडतो. पंपाची बॅटरी चार्ज आहे का तेही बघायचं, कारण आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते आणि जनरेटर यायला वेळ लागतो. हे सगळं एका पेशंटच्या एका औषधाचं. त्याला व्हेंटिलेटर असतो, तोंड साफ करायचं असतं, कफ ओढायचा असतो, डोळे उघडे राहतात म्हणून ते कोरडे पडू नयेत हे पाहायचं असतं, साखर तपासायची असते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं. शॉकच्या पेशंटला वळवताना बीपी पडतं, तेव्हा वळवतानाही एकीने पंपाकडे आणि एकीने पेशंटकडे बघायचं. ती दुसरी कुठून आणायची?

सेप्सिसमध्ये शॉक असेल तर अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं, असं ती २०२१ ची तत्त्वं सांगतात. त्याआधी कल्चरसाठी, म्हणजे कुठले जंतू आहेत ते शोधण्यासाठी, रक्त घ्यायचं, पण त्यापायी औषध अडकवायचं नाही. सलाईनही पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलीच्या हिशेबाने, म्हणजे साठ किलोच्या माणसाला जवळजवळ पावणेदोन-दोन लिटर. ते देताना फुप्फुसात घरघर सुरू झाली का हे ऐकत राहायचं. औषध वॉर्डात असेल तर हे जमतं. नातेवाइकाला चिठ्ठी देऊन बाहेरच्या मेडिकलला पाठवायचं असेल तर त्याची रांग, त्याचे पैसे, त्याची धावपळ यातच तास संपतो.

बाळंतपणातला रक्तस्राव हाही शॉकच. त्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यात आशा आहे. किती रक्त गेलं याचा डोळ्यांनी केलेला अंदाज नेहमी कमी पडतो. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांत झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ या मोठ्या अभ्यासात बाईच्या खाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावली आणि रक्त ठरल्या खुणेपर्यंत पोचताच गर्भाशयाचं मालिश, औषधं, सलाईन, तपासणी हे सगळं एकदम सुरू केलं. २०२३ मध्ये आलेला निकाल असा : तीव्र रक्तस्राव आणि त्यातून ओढवणारी शस्त्रक्रिया वा मृत्यू यांचं प्रमाण ६० टक्क्यांनी कमी झालं. औषधं जुनीच होती. फरक पडला तो कोणीतरी मोजत राहिल्यामुळे आणि मोजणाऱ्या सुईणींना, सिस्टरांना वाट न बघता पाऊल उचलायची मुभा असल्यामुळे.

डेंग्यूबद्दल दोन ओळी, कारण दर पावसाळ्यात तेच घडतं. घरच्यांचं सगळं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर. पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट, सगळं चालू असतं. ताप उतरला की सुटकेचा निःश्वास. पण डेंग्यूचा शॉक येतो तो बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि तो येतो रक्तातलं पाणी वाहिन्यांतून बाहेर झिरपल्यामुळे. मुलाचं बीपी १०० वर ८० आहे, आई म्हणते नॉर्मल आहे. वरच्या-खालच्या आकड्यातलं अंतर बघा, वीसच आहे. ते अंतर वीसपर्यंत आलं, पोट दुखायला लागलं, पोर सुस्तावलं, हात गार लागले, तर धोका दारात आहे. दोन्ही आकडे टीपीआर चार्टवर (ताप, नाडी, श्वासाच्या तक्त्यावर) लिहिणाऱ्या आणि मागच्या दोन तासांशी ताडून बघणाऱ्या सिस्टरला ते कळतं, प्लेटलेटच्या रिपोर्टला कळत नाही.

आता माणसांच्या हिशेबाकडे येते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत आयसीयूसाठी प्रत्येक पाळीत खाटेमागे एक परिचारिका धरली आहे, रजेसाठीच्या राखीव वेगळ्या. मी नोकरीत होते तोवर रात्रपाळीत हे प्रमाण मी क्वचितच पाहिलं. ‘लॅन्सेट’मध्ये २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांतल्या तीनशे हॉस्पिटलांचा अभ्यास आला होता. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटमध्ये नर्समागे एकेक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. तो साध्या वॉर्डांचा हिशेब आहे. नॉरअॅड लावलेल्या पेशंटच्या बाबतीत काय होत असेल ते कोणीही समजू शकतं.

त्यात जी सिस्टर हजर असते तिचा वेळ कुठे जातो तेही बघा. चादरी-कपड्यांचा हिशेब, औषधांचं मागणीपत्र, तीन रजिस्टरं, ऑनलाइन नोंदी, मृत्यूचे कागद, बंद पडलेल्या मशीनसाठी फोन. आणि कंत्राट. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिकांनी कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला तेव्हा पेपरांतून ‘रुग्णांचे हाल’ एवढंच छापून आलं. हाल झाले हे खरं. पण आयसीयूतली मुलगी तयार व्हायला निदान वर्ष जातं. बोट किती जोरात दाबायचं, पंपाचा कुठला अलार्म नुसता हवेच्या बुडबुड्याचा आणि कुठला जिवावरचा, डॉक्टरांना फोनवर कोणती चार वाक्यं आधी सांगायची, हे पुस्तकात वाचून येत नाही. ती हाताला लागली की तिचं कंत्राट संपतं किंवा तिची बदली बाह्यरुग्ण विभागात होते, आणि तिच्या जागी कालच पास झालेली मुलगी उभी राहते. त्या मुलीचा काय दोष? मी अशा मुलींना चेंजिंग रूममध्ये रडताना पाहिलं आहे. त्यांना पेशंटची काळजी होती आणि हात दोनच होते.

नातेवाइकांनाही चार गोष्टी सांगते, कारण त्यांचीही मदत होते. हातपाय गार लागले म्हणून गरम पाण्याची पिशवी लावू नका, त्या कातडीला रक्त नसतं, भाजलेलं कळत नाही आणि मोठा फोड येतो. तेल चोळू नका. पाणी पाजू नका, फुप्फुसात जाऊ शकतं, ओठ ओले करायचे असतील तर सिस्टरला विचारा. उशा लावून उठवून बसवू नका. घरी कुठल्या गोळ्या चालू होत्या ते पाकिटासकट आणून दाखवा, विशेषतः बीपीच्या आणि हृदयाच्या, कारण त्यातल्या काही गोळ्यांमुळे नाडी वाढतच नाही आणि शॉक लपून राहतो. आत सोडलं तर पेशंटशी बोला, तो ऐकत असतो असं समजूनच बोला. ‘आज ते नेहमीसारखे नाहीत’ असं तुम्हाला वाटलं तर ते जरूर सांगा. घरच्या माणसाला ते आमच्याआधी कळतं, हे मी कितीदा पाहिलं आहे.

माझी मागणी एकच आहे आणि ती फार खर्चाची नाही. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार राज्यातल्या खासगी हॉस्पिटलांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. त्याच्याशेजारी, सरकारी असो की खासगी, प्रत्येक आयसीयूच्या दारावर एक फळा लावा. त्यावर रोज तीन वेळा, पाळी बदलली की, खडूने लिहा : आत पेशंट किती, त्यांतले व्हेंटिलेटरवर किती, बीपी धरून ठेवणाऱ्या औषधावर किती, आणि या पाळीला सिस्टर किती, त्यांतल्या आयसीयूचं काम शिकलेल्या किती. हे आकडे आत ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवताना, आम्ही तसेही लिहितोच. तेच बाहेर येऊ द्या. जो अधिकारी किंवा मालक हा फळा लावू देणार नाही, तो का लावू देत नाही ते लोकांना कळेल. जिथे नॉरअॅडवरचे तीन पेशंट आणि सिस्टर एक असं लिहिलेलं दिसेल, तिथे भांडण सिस्टरशी करायचं नाही हेही लोकांना कळेल. आज मार खाते ती, शिव्या खाते ती.

आपल्या वार्ताहरांनी येत्या महिन्यात जिल्ह्यातल्या सरकारी आणि खासगी अशा काही आयसीयूंना रात्री अकरानंतर भेट द्यावी, फळ्यासाठी सांगितलेले एवढे पाच आकडे लिहून घ्यावेत आणि हॉस्पिटलांच्या नावासकट छापावेत, ही विनंती. मृत्यूंचा आकडा आपण छापताच. त्या रात्री ड्युटीवर किती जणी होत्या, हा आकडाही त्याच बातमीत द्या.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका
जि. रत्नागिरी